नाशिकहून बाराजण आणि फुकेतची एक अख्खी स्पीडबोट

अख्खी स्पीडबोट दिवसभरासाठी भाड्याने घेणं म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर ठरवण्यासारखंच, असं धरून नाशिकची मंडळी थायलंडमधल्या फुकेतला दर विचारू लागतात आणि तिथेच गणित चुकतं. ट्रॅव्हलरवाला दिवसाचे तीनशे किलोमीटर धरतो, वर गेलं तर किलोमीटरमागे पैसे लावतो आणि चहाला म्हणाल तिथे थांबतो. बोटवाला बेटं धरतो. कोणती बेटं, कोणत्या क्रमाने, धक्क्यावर परत किती वाजता, हे आधी ठरतं आणि त्यावर दर निघतो, कारण खर्चातला मोठा वाटा पेट्रोलचा. अडीचशे हॉर्सपॉवरची दोन आउटबोर्ड इंजिनं नेहमीच्या वेगाने चालली तर दोन्ही मिळून तासाला शंभर लिटरच्या आसपास पेट्रोल खातात. पूर्ण रेटली तर जवळजवळ दुप्पट. दिवसभरात बोट प्रत्यक्ष पळते तीन-साडेतीन तास. म्हणून चार हजार बात (थायलंडचं चलन) पाडून घेतल्याचा आनंद बहुधा दुपारपर्यंतच टिकतो. परतीच्या वाटेवरचं एक बेट 'वारा आहे' म्हणून गळतं.

आम्ही फुकेतहून फी फी बेटांना अख्खी बोट चार वेळा घेतली आहे. दर वेळी दहा ते चौदा माणसं, सगळ्यात लहान सहा वर्षांचं, सगळ्यात मोठे बहात्तरचे. ऐसपैस बसायला मिळतं हा त्यातला किरकोळ फायदा. वाटून घेतलेली बोट तेवढ्याच वेगाने त्याच बेटांवर जाते. जास्तीचे पैसे मोजायचे ते पहिल्या बेटावर किती वाजता उतरायचं आणि तिथून कधी हलायचं, हे आपल्या हातात राहावं म्हणून. हॉटेलचा नाश्ता आटोपून नऊला निघायचं असेल तर सरळ वाटून घेतलेल्या बोटीचं तिकीट काढावं आणि उरलेल्या पैशांत दोन वेळा चांगलं जेवावं.

अडतीस-चाळीस फुटी, दोन किंवा तीन इंजिनांची बोट पूर्ण दिवसासाठी साधारण पंचवीस ते पंचेचाळीस हजार बातला मिळते. हंगाम, इंजिनं आणि बेटं यांवर आकडा हलतो. रुपये काढायला बातला अडीच ते तीनने गुणावं. पस्तीस हजारांची बोट बाराजणांत वाटली की डोक्यावर तीन हजार बातच्या आत येते. आठांच्या खाली माणसं असतील तर हा हिशोब जुळत नाही. दरात नॅशनल पार्कचं तिकीट धरलंय का, हे स्वतंत्र विचारावं. फी फीच्या पार्कला परदेशी माणसाला 400 बात आणि लहान मुलाला 200 लागतात, म्हणजे बाराजणांचे पाचेक हजार वेगळे. ते तिकीट त्या दिवसापुरतं त्या पार्कातल्या सगळ्या बेटांना चालतं, त्यामुळे दुसऱ्या बेटावर कुणी पुन्हा मागितलं तर पहिली पावती दाखवायची. पावती जपून ठेवायचं काम एकाच माणसाकडे द्यावं, आणि तो माणूस पोहायला उतरणारा नसावा.

आता तारीख, कारण सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. फुकेतच्या या बाजूला नैर्ऋत्य मोसमी वारे मे ते ऑक्टोबर वाहतात. समुद्र शांत असतो तो नोव्हेंबर ते एप्रिल. आणि नाशिकचं कॅलेंडर नेमकं उलटं. ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांची जानेवारी ते एप्रिल काढणी, त्याआधी छाटणी आणि डिपिंग. मोकळीक मिळते मेमध्ये, तेव्हाच पोरांना सुट्टी आणि तेव्हाच तिथला समुद्र उचलू लागलेला. मेच्या पहिल्या आठवड्यात नशीब असेल तर दिवस चांगला मिळतो, शेवटच्या आठवड्यात त्याची आशा धरू नये. दिवाळी नोव्हेंबरात आली तर उत्तम. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर धाकधूक असते. ऑगस्ट-सप्टेंबरात जायचा विचारच नको, कारण फी फीतला माया बे हा प्रसिद्ध किनारा दर वर्षी 1 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर बंद असतो आणि त्याच्यासाठीच तर बहुतेक जण जातात.

मे महिन्याशिवाय जमतच नसेल तर फी फीचा हट्ट सोडून फांग न्गाच्या उपसागरात जावं. तो फुकेत आणि मुख्य भूमीच्या मध्ये आहे, त्यामुळे नैर्ऋत्येचा वारा तिथे अडतो. पाण्यातून उभे राहिलेले चुनखडीचे सुळके आणि ओहोटीत उघडणाऱ्या गुहा तिथे आहेत. पाणी मात्र गढूळ हिरवं, खाली मासे दिसत नाहीत. घरच्यांना फोटोत निळं पाणी हवं असेल तर आधीच सांगून टाकावं, नाहीतर दिवसभर तोंडं बघावी लागतात. डिसेंबर-जानेवारीतही एक गोम आहे. तेव्हा वारा ईशान्येकडून येतो आणि आपण आग्नेयेला चाललेले, त्यामुळे लाटा बोटीच्या कुशीवर बसतात. आकाश स्वच्छ, ऊन कडक, आणि तरी बोट आदळते, याचं नवख्यांना फार आश्चर्य वाटतं.

तारखेबरोबर तिथीही बघावी. कोकणातले लोक तिथीला तीनने गुणून चारने भागतात आणि भरतीची वेळ काढतात. ते गणित आपल्या किनाऱ्याचं, तिथे वेळेला लावू नये. पण उधाण (मोठी भरती-ओहोटी) आहे की भांग (लहान भरती-ओहोटी), एवढं कालनिर्णयवरून बिनचूक कळतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास फुकेतला भरती-ओहोटीतला फरक तीन मीटरपर्यंत जातो, अष्टमीच्या सुमारास तो बराच कमी. उधाणाच्या दिवसांत तिथली भरती साधारण सकाळी दहा-अकराला भरते आणि दुपारी उशिरा पाणी खूप मागे जातं. दिवसागणिक ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणजे उधाणाच्या दिवशी सकाळ सोयीची आणि दुपार अडचणीची: चारच्या सुमारास बेटाभोवतीचं कोरल (प्रवाळ) उघडं पडतं, बोट किनाऱ्याला लागत नाही आणि शंभर पावलं खडबडीत तळावरून पाण्यातून चालावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांचं तिथे काम नाही. नेमकी वेळ मात्र फुकेतच्या भरतीच्या तक्त्यावरूनच घ्यावी; तो नेटवर मिळतो.

बुकिंग करताना विचारायचे प्रश्न 'किती सीटर?' या प्रश्नापलीकडचे असतात. इंजिनं किती आणि किती हॉर्सपॉवरची? एकच इंजिन असेल तर नको म्हणावं; प्लास्टिकची पिशवी किंवा जाळ्याचा दोर पंख्यात अडकून एक इंजिन बंद पडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि दुसऱ्यावर बोट रडतखडत का होईना परत येते. बोटीवर टॉयलेट आहे का? बऱ्याच बोटींवर नसतं, असलं तर कपाटाएवढं. धक्का सोडल्यापासून माया बेच्या मागच्या वाटेवरचं स्वच्छतागृह येईपर्यंत सव्वा तास जातो आणि पुढचं थेट बांबू बेटावर. घरातल्या ज्येष्ठ बायका हा प्रश्न विचारायला लाजतात आणि मग पाणीच पीत नाहीत, उन्हात त्याचा त्रास होतो. म्हणून विचारणाऱ्यानेच विचारावं. मुलांची लाइफ जॅकेटं वजनाप्रमाणे आहेत का? सहा वर्षांच्या पोराला मोठ्यांचं जॅकेट घातलं तर पाण्यात जॅकेट वर आणि पोर खाली. सगळ्यांची वजनं व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पाठवून दिली की धक्क्यावर शोधाशोध होत नाही. छत किती भागावर आहे? हवामानामुळे बोट सुटली नाही तर पैसे परत की तारीख बदलून? बंदर खातं लहान बोटींना सोडायचं बंद करतं, तेव्हा बोटवाल्याचाही इलाज नसतो. तारीख बदलून मिळणार असेल तर आपल्याकडे बदलायला दिवस शिल्लक हवा. बोटीचा दिवस सहलीच्या शेवटच्या दिवशी कधीच ठेवू नये.

पहिल्या दिवशीही ठेवू नये, पण त्याचं कारण वेगळं. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. पहाटे सव्वापाचला उठायचं म्हणजे आपल्या अंगाच्या घड्याळात पावणेचार. आदल्या दिवशी नाशिकहून मुंबईचा विमानतळ, मग रात्रीचं विमान आणि दुसऱ्या पहाटे समुद्र, असं केलं की निम्मी बोट झोपलेली आणि उरलेली ओकत असते. तिसरा दिवस चांगला.

ओकण्याचं आधीच बघून ठेवावं. गंगापूर धरणावरच्या बोट क्लबात फेरी मारून आलो, काही झालं नाही, हा दाखला चालत नाही. ते पाणी सपाट, फेरी मिनिटांची. खरी परीक्षा घाटाची. पूर्वी कसाऱ्यात कोणाला मळमळतं ते मुंबईला जाता-येता आपोआप कळायचं. आता समृद्धीच्या बोगद्यातून इगतपुरीचा डोंगर पार होतो आणि कुणाचं पोट कसं आहे हे कळतच नाही. मागच्या सीटवर बसवून सप्तशृंगी गडाचा नांदुरीचा घाट चढवावा. तिथे ज्याचा चेहरा पडतो त्याने अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून बरोबर घ्यावी आणि बोट हलायच्या निदान तासभर आधी पोटात टाकावी. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते. गोळीने झोप येते, म्हणून ती घेऊन खोल पाण्यात उतरायचं नाही आणि तिच्यावर बिअर तर नाहीच. उपाशी पोटी निघणंही वाईट. दोन केळी, टोस्ट, बास. आलेपाक चघळायला बरा, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

आदल्या संध्याकाळी दोन कामं. एक म्हणजे विंडीसारख्या अ‍ॅपवर वारा आणि लाटांची उंची बघणं. लाट एका मीटरच्या आत असेल तर आरामात, एक ते दीड मीटर म्हणजे हाडं खिळखिळी, दीडच्या वर असेल आणि बरोबर म्हातारी माणसं असतील तर बोटवाला 'हो' म्हणाला तरी आपण 'नको' म्हणावं. दुसरं काम म्हणजे बोटवाल्याला बेटांचा क्रम पुन्हा लिहून पाठवणं. फोनवर ठरलेलं सकाळच्या गाईडपर्यंत पोचलेलं नसतं. 'सातला धक्का सोडायचा, आधी माया, मग पिलेह खाडी, मग बांबू बेट, जेवण, येताना खाई बेटं' एवढी एक ओळ पुरते. विम्यासाठी आणि प्रवाशांच्या यादीसाठी नावं आणि पासपोर्ट नंबर तेव्हाच पाठवून द्यावेत. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्येच राहू दे, फोनमध्ये फोटो असला की झालं.

सनस्क्रीन घरूनच वाचून न्यावं. थायलंडच्या नॅशनल पार्कांत 2021पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्झेट, फोर-मिथिलबेन्झिलिडीन कॅम्फर आणि ब्युटिलपॅराबेन असलेली सनस्क्रीनं चालत नाहीत, कोरलला ती मारक. दंड एक लाख बातपर्यंत. आपल्याकडच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांवर पहिली दोन नावं सापडतात. झिंक ऑक्साइडवालं चालतं, चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसतो एवढंच. खरा उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा, लगेच वाळणारा पोहण्याचा टीशर्ट. पाठ आणि पोटऱ्यांची मागची बाजू पाण्यावर पालथं पडून तासाभरात भाजते आणि ते रात्री कळतं. सुती सलवार-कुडता पाण्यात जड होऊन पायात गुंडाळला जातो, तो नको.

खाऊचे पुडेही घरीच फोडावेत. पार्कांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकला बंदी आहे. चिवडा, भाकरवडी, ठेपले सगळं स्टीलच्या डब्यांत. वीस लिटरची एक पाणीबंद पिशवी फोन-पाकिटांसाठी, एक कोरड्या कपड्यांसाठी. बोटीवर 'कोरडी जागा' अशी नसते.

गाडी सहाला, धक्क्यावर पावणेसात. कुठला धक्का, हे आदल्या दिवशीच विचारलेलं असावं. दक्षिणेला चालाँगची लांबलचक जेट्टी आहे, पूर्वेला मरीना आहेत, आणि पातोंगसारख्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हॉटेलातून दोन्हीकडे जायला अर्धा-पाऊण तास लागतो. पूर्वेच्या बोट लगूनच्या बाजूने निघालं तर आधी खारफुटीतल्या अरुंद वाटेने बोट हळूहळू काढावी लागते. त्यात वेळ जातो म्हणून कुरकुर करू नये. तिथे वेगाने गेलं तर दोन्ही काठांना लाट बसते. धक्क्यावर चपला काढून टोपलीत. बोटीवर सगळे अनवाणी. पायऱ्यांवर, खडकांवर लागतात म्हणून मागे पट्टा असलेले रबरी फ्लोटर पिशवीत वेगळे ठेवावेत.

बसण्याची जागा हा मानपानाचा विषय होतो आणि चुकीच्या दिशेने होतो. पुढच्या टोकावरच्या गाद्या छान दिसतात, म्हणून तिथे थोरामोठ्यांना 'काका, तुम्ही पुढे बसा' म्हणून बसवलं जातं. बोट लाटेवरून सुटते तेव्हा पुढचं टोक सगळ्यात वर जातं आणि सगळ्यात जोरात आपटतं. बसलेल्या माणसाचे मणके त्या एका आपटण्यात दबतात. कंबरेला, मणक्याला जुनं दुखणं असलेल्यांनी पुढे मुळीच बसू नये, आणि गरोदर बाईला स्पीडबोटीत घेऊच नये, बोटवालेही घेत नाहीत. आदळणं सगळ्यात कमी मागे, इंजिनांच्या पुढच्या बाकावर. तिथे आवाज आणि थोडा धूर असतो, तो सोसावा. काकांना तिथे, कॉलेजातल्या पोरांना पुढे. पाय खाली टेकलेले, गुडघे सैल, एक हात दांड्याला. ताठ बसलेल्याला जास्त लागतं.

मधल्या पाऊण-एक तासात बघण्यासारखी एक गोष्ट म्हणजे कॅप्टनचा थ्रॉटलवरचा (वेगाच्या दांड्यावरचा) हात. चांगला कॅप्टन तो हात क्षणभरही सोडत नाही. लाटेच्या चढावर थोडं सोडतो, माथ्यावर बोट हवेत जाणार तेवढ्यात आणखी थोडं, आणि पलीकडे उतरताना पुन्हा भरतो. बाराजण त्या दीड-दोन इंचांच्या हालचालीवर बसलेले असतात. हात एका जागी ठेवून रेटत नेणारा कॅप्टन मिळाला तर गाईडकडून 'स्लो' म्हणून सांगावं. अख्खी बोट आपण घेतलेली असते, दहा मिनिटं उशिरा पोचल्याने काही बिघडत नाही.

आठच्या सुमारास फी फी ले. हे दोन मुख्य बेटांतलं वस्ती नसलेलं. वस्ती, हॉटेलं, बाजार सगळं शेजारच्या फी फी डॉनवर. माया बेमध्ये आता बोट समोरून जात नाही. दिवसाला पाच हजारांच्या वर माणसं आणि त्यांच्या बोटींचे नांगर यांनी तिथलं कोरल गेलं, म्हणून जून 2018मध्ये तो बंद केला आणि 1 जानेवारी 2022ला नव्या नियमांनी उघडला. बोट बेटाच्या मागच्या लो समाह खाडीतल्या तरंगत्या धक्क्याला लागते आणि फळ्यांच्या वाटेने पाच मिनिटं चालून समोरच्या वाळूवर पोचता येतं. एका वेळी किती माणसं आत, याला मर्यादा आहे, आणि पोहायला बंदी. गुडघ्याच्या आत पाण्यात उभं राहायचं. ज्यांना हे घरून माहीत नसतं ते पोहण्याच्या कपड्यांत येऊन हिरमुसतात. उथळ पाण्यात काळ्या टोकांच्या परांचे छोटे शार्क फिरतात, माणसांच्या वाटेला जात नाहीत. सकाळी, पाणी ढवळलं जाण्याआधी, ते काठावरून दिसतात. लवकर पोचण्यासाठी मोजलेले पैसे इथे वसूल होतात: आठला वाळूवर मोजकी माणसं असतात, साडेदहाला फळ्यांच्या वाटेवर दर्शनाची रांग.

अवघड भाग तो तरंगता धक्का. लाट असली की बोट आणि धक्का दोन्ही हलतात, आणि वेगवेगळ्या वेळी हलतात. उडी मारायची नाही. बोटीवरचा मुलगा मनगट धरतो, आपणही त्याचं मनगट धरायचं (बोटं धरली तर सुटतात), बोट वर येऊन धक्क्याच्या पातळीला थांबल्यासारखी होते तेव्हा तो 'नाऊ' म्हणतो, त्या क्षणी एक पाऊल. दुसऱ्या हातात फोन असलेली माणसंच इथे पडतात. आत्याबाईंना दोघांनी धरून उतरवण्यापेक्षा एकानेच नीट धरावं. दोघे दोन बाजूंना ओढतात.

तिथून दहा मिनिटांवर पिलेह. तिन्ही बाजूंनी चुनखडीचे कडे आणि आत पोपटी-निळं पाणी. तोंड उथळ आहे, त्यामुळे अर्ध्याहून जास्त भरती असताना शिरावं. ओहोटीत कॅप्टन इंजिनं वर उचलून हळू आत घेतो किंवा घेतच नाही, आणि त्याचं ऐकावं. भांगाच्या दिवसांत ओहोटी नेमकी सकाळी पडते, पण ती तितकी खोल जात नाही, त्यामुळे तेव्हाही बहुधा जमतं. इथे तरंगायचं, बाकी काही करायचं नाही. वाटेत व्हायकिंग गुहा दिसते. तिथे पाकोळ्यांची घरटी गोळा करतात, आत सोडत नाहीत. दोन मिनिटं बोट थांबवून बघितली की पुरे.

स्नॉर्केलिंगसाठी (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्याखाली बघण्यासाठी) मास्क नीट बसला नाही तर सगळा खेळ खलास, म्हणून यावर थोडं सविस्तर. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क पडला नाही तर तो आपल्या मापाचा. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर. घट्ट आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कडा वाकडी होऊन वाढते. मिशीवाल्यांचं पाणी हमखास वरच्या ओठावरून आत येतं. मिशी उतरवायला कोणी तयार नसतो, तर नाकाखालच्या केसांवर व्हॅसलीनचा जाड थर लावावा आणि रबराची कड त्यावर दाबून बसवावी. पूर्ण थांबत नाही, पण दर मिनिटाला मास्क उपसावा लागत नाही. बायकांच्या बटा कडेखाली अडकतात, त्याही मागे सारून घ्याव्यात. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून एकदा विसळायची. किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब. चष्मेवाल्यांसाठी नंबरचे मास्क मिळतात, आधी सांगून ठेवावं लागतं. नळी दातांत धरायची, ओठ बंद, आणि पाण्यात उतरण्याआधी बोटीच्या शिडीवर उभं राहून तोंडाने दहा श्वास घेऊन बघायचे. घाबरणारा इथेच कळतो, आणि त्याला इथेच थांबवता येतं.

पोहता येणाऱ्यानेही जॅकेट घालावं, कारण खाली बघता बघता प्रवाह कुठे नेतो ते समजत नाही. कुठेही खाली उभं राहायचं नाही. एकतर कोरल मोडतं, आणि त्यात काळ्या लांब काट्यांचे सी अर्चिन बसलेले असतात. त्यांचा काटा पायात मोडतो आणि निघत नाही. जेलीफिश लागला तर गोडं पाणी ओतू नये, चोळू नये, व्हिनेगर ओतावं. तिकडच्या बऱ्याच किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या खांबाला लावून ठेवलेल्या असतात, बोटीवर आहे का ते विचारून घ्यावं. परत येताना बोटीच्या मागच्या बाजूला शिडी आणि शेजारीच पंखे. कॅप्टन हाताने बोलावेपर्यंत चार-पाच मीटर लांब थांबायचं, मुलांना हे निघण्याआधी दोनदा सांगायचं.

मंकी बीच आम्ही गाळतो. माकडं बोटीवर चढून पिशव्या ओढतात, आणि माकड चावलं की रेबीजची इंजेक्शनं घेत उरलेली सहल दवाखान्यात जाते. माकडंच बघायची तर त्र्यंबकला कमी नाहीत.

बांबू बेट उत्तरेला आहे. पांढरी वाळू, झाडांची सावली, स्वच्छतागृह. इथे दीड तास द्यावा. मुलं वाळूत, मोठे सावलीत, पोहणारे पाण्यात, सगळ्यांचं भागतं.

जेवण बहुधा फी फी डॉनवर. शाकाहारी असल्याचं सांगून भागत नाही, कारण साध्या दिसणाऱ्या भाजीतही नाम प्ला म्हणजे माशाचा रस किंवा ऑयस्टर सॉस असतो, आणि तो स्वयंपाक्याच्या लेखी आपल्या मिठासारखा. 'किन जे' हे दोन शब्द पाठ करावेत. 'जे' म्हणजे मांस-मासे-अंडी तर नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींना त्याचा उपयोग होतो, मात्र त्यात बटाटा-गाजर चालतं, तेवढं वेगळं सांगावं. भात, फळं, बरोबरचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी यांवर बाराजण आरामात निभतात. मांसाहारींनीही इथे तिखट-तळलेलं पोटभर खाऊ नये, अजून तासाभराची वाट बाकी असते.

दुपारनंतर वारा वाढतो. म्हणून दोनच्या आत फी फी सोडावं. उधाणाचा दिवस असेल तर आणखी लवकर, कारण परतीच्या वाटेवरच्या खाई बेटांवर पाणी मागे गेलेलं असतं आणि तिथे उतरण्यात अर्थ राहत नाही. अशा वेळी खाई सोडून बांबूवरच अर्धा तास जास्त काढलेला बरा. हा बदल सकाळीच ठरवावा, समुद्रात ठरवायला गेलं की 'एक्स्ट्रा' हा शब्द येतो. वाटेत अंधारून आलं, पावसाची भिंत दिसली, तर कॅप्टन तिला वळसा घालतो किंवा वेग कमी करून तिच्यातून जातो. पावसाचे थेंब त्या वेगात खड्यांसारखे लागतात. तोंड पंच्याने झाकून घ्यावं. छान सुती पंचा, एक माणशी एक, हा या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा जिन्नस.

चारच्या सुमारास धक्का. उरलेले पैसे द्यायच्या आधी सीटखालचे कप्पे, छताची जाळी आणि आईसबॉक्स हे तिन्ही उघडून बघावेत; चष्मे, डबे आणि मुलांचे मास्क तिथेच सापडतात. बोटीवरच्या मुलांना वेगळे दोनेकशे बात हातात द्यावेत, कंपनीकडे दिले तर पोचतीलच असं नाही. आणि चपलांची टोपली बाराजणांनी एकदम घेरू नये. सगळ्यांच्या काळ्या, सगळ्यांच्या सारख्या, आणि गाडी हॉटेलपाशी पोचेपर्यंत कुणाच्या तरी पायात दोन्ही डाव्या असतात.